अरे म्हणजे तिकडचं

कुशिरोत मंगळवारी धुकं जरा लवकरच उतरतं.
बंदराचा भोंगा त्याला मिनिटामिनिटाला हटकत राहतो
आणि सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर
इगाराशी मास्तर टेबलावर मांडतात
एक छत्री, एक संत्रं, एक रिकामी किटली.

टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस.
पत्ता नीट नसेल तर वस्तू पोचत नाही,
एवढंच त्यांचं व्याकरण.

छत्री छातीशी धरून म्हणतात, कोरे.
संत्रं ओयुंगेरेलच्या ओंजळीत ठेवून म्हणतात, सोरे.
मग खिडकीकडे वळतात,
धुक्यात निम्म्या बुडालेल्या क्रेनवर बोट रोखतात:
अरे.

मराठी कानाला इथे हसू फुटेल.
पण कोरे म्हणजे कोरं नव्हे, हे माझ्याजवळचं.
सोरे, ते तुझ्याजवळचं.
अरे ही हाक नाही,
ते तिकडचं, तुझ्यापासून लांब आणि माझ्यापासूनही.
यांतलं कोणतं, असं विचारायचं तर दोरे.
तो गुंता मात्र खरोखर दोऱ्यांचाच.

ब्राझीलची जांदिरा पहिल्याच दिवशी सुटली,
तिच्या घरी तीन आहेत म्हणे, पूर्वीपासून.
ओयुंगेरेलच्या भाषेत दोनच, एने आणि तेर,
आपल्या हे-ते सारखे.
दुंदगोबीच्या माळावर
तेर म्हणजे शेजारच्या तंबूतली बादली,
तेर म्हणजे दोन दिवसांच्या वाटेवरचा डोंगरही.
वस्तू कुणाच्या बाजूला पडली आहे
हे मोजायला तिथे
दुसरी बाजूच नसायची कित्येकदा.

सोरे वा नान देसु का? मास्तर विचारतात.
सोरे वा मिकान देसु, ती म्हणते.
चूक.
तुझ्या हातात आहे ना? मग तुझ्या तोंडी कोरे.
ती संत्रं परत देते. आता सोरे.
ते पुन्हा देतात. पुन्हा कोरे.
पाच-सहा फेऱ्यांत सालीला हातांची ऊब चढते,
आणि ती वहीत, मंगोलियनमध्ये, लिहून ठेवते:
टेबल ओलांडताना नेमकं कुठे याचं नाव बदलतं?

तेवढ्यात दार ढकलून फुमिए-सान येतात,
डबा विसरला म्हणून तो घेऊन.
मास्तर वर न बघता खिसे चाचपतात,
म्हणतात, अरे...
आणि त्या पर्समधून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून
त्यांच्या तळहातावर ठेवतात.

वर्ग गप्प.
बाटली दोन हातांवर होती. क्रेनएवढी लांब नव्हती.
अरे कसं? जांदिराचा हात वर.
मास्तर एका डोळ्यात थेंब सोडतात,
दुसऱ्या डोळ्यात सोडतात,
पापण्या मिटून म्हणतात,
ते पुस्तकात नाही.

फेब्रुवारी. पहाटेचे साडेचार.
कारखान्यात कॉडचे ट्रे सरकत येतात,
बर्फाच्या पाण्यात हातमोज्यांतली बोटं लाकडी होतात.
पट्ट्याच्या पलीकडे माकिमुरा बाई,
वीस वर्षांच्या जुन्या, बोलायला महाग,
ओयुंगेरेलला अजून "अहो नव्या" म्हणणाऱ्या.
एक मासा अडतो. बाई मान न उचलता हात पुढे करतात:
अरे!

आणि ओयुंगेरेल
आखूड पात्याची, मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली
ती सुरी
त्या हातात देते.

बाई मासा सोडवतात.
पट्टा चालतो.
तीन-चार ट्रे पुढे गेल्यावर
तिच्या लक्षात येतं की कुणी सुरी म्हटलंच नव्हतं.

हे मास्तरांना सांगायचं ठरवून
ती मंगळवारी जिना चढली, वाक्यही जुळवलं होतं.
त्यांनी किटली तिच्या हातात दिली
आणि विचारलं, सोरे वा नान देसु का?

सोरे वा, ती म्हणाली,
आणि जीभ चावली.